बियाणं ओलं कुणी ठेवलं?



गेल्या मृगात पुष्कळ पाड्यांत राबात टाकलेलं भात निम्मंच उगवलं. काही ठिकाणी तेवढंही नाही. राब नीट भाजलेला होता, पाऊस वेळेवर आला, गुरं शिरली नाहीत. तरी वाफे टकले. मग एक साहेब जीपमधून आले. खाली न उतरताच त्यांनी वाफा बघितला आणि निकाल देऊन टाकला, की तुमचं गावठी बी जुनं झालं, त्यात आता जीव नाही, ते खाऊन टाका आणि पुढच्या वर्षी पिशवीतलं विकत घ्या.

आमचं म्हणणं सरळ आहे. डांगी, कोळपी, झिनी ही भातं आपल्या आज्या-पणज्यांपासून इथल्या मातीत उगवतायत. ती एका वर्षात म्हातारी होत नाहीत. बी मेलं ते नीट वाळलं नाही म्हणून. आणि नीट का वाळलं नाही हे विचारायला जीपमधून खाली उतरावं लागतं, खळं कुठंय ते बघावं लागतं, कणगी कुठंय ते बघावं लागतं. ते बघितलं की जमिनीचा प्रश्न निघतो. तो साहेबांना नको असतो. म्हणून इथे आपणच लिहू.

आधी बियाण्याचं बोलू. बी म्हणजे झोपलेलं रोपटं. ते जिवंत असतं, हळूहळू श्वास घेतं. ओल जास्त असली की श्वास जोरात चालतो, बी आतल्या आत तापतं, बुरशी धरते, कोंब मरतो. वरून दाणा चांगला दिसतो, शिजवला तर भातही होतो, पण पेरला तर उगवत नाही. खायचं धान्य आणि पेरायचं धान्य यात हाच फरक. कणगीत किंवा गोणीत कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर समजायचं, बी मरायला लागलंय.

किती ओल चालते? भात कापताना शंभर किलोत वीस-बावीस किलो पाणीच असतं. सरकारच्या बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमात लिहिलंय की साध्या गोणीत ठेवायच्या भाताच्या बियाण्यात ओल १३ टक्क्यांच्या वर नको. नागलीत १२. उडीद-तुरीत ९. हॅरिंग्टन नावाच्या एका अमेरिकन शास्त्रज्ञाने ढोबळ हिशेब मांडलाय: ओल १ टक्का कमी केली की बियाण्याचं आयुष्य दुप्पट होतं. हा हिशेब साधारण १४ ते ५ टक्क्यांच्या मधे लागू पडतो. म्हणजे १४ टक्क्यांवर जे बी एक वर्ष टिकेल ते १२ वर चार वर्षं टिकेल. दोन-तीन दिवसांच्या उन्हाने एवढा फरक पडतो. आमच्या शिबिरात हे सांगितलं तेव्हा एक म्हातारी आजी म्हणाली, यात नवीन काय, दातात कट् वाजलं पाहिजे एवढंच ना! बरोबर एवढंच.

पण कट् वाजेपर्यंत कसं न्यायचं, यात सगळी गोम आहे. वाळवायचं म्हणजे तापवायचं असं नाही. ओलं बी उष्णता सोसत नाही, कोरडं थोडी सोसतं. नुकतं झोडलेलं ओलं भात भर दुपारच्या उन्हात तापल्या दगडावर टाकलं तर वरचं टरफल झटकन सुकतं, आतली ओल आतच राहते, दाण्याला तडा जातो. तडा गेलेल्या दाण्याचा तांदूळ कांडताना मोडतो, आणि पेरला तर चिरेतून पाणी शिरून तो कुजतो. म्हणून जुनी रीत अशी: कापलं की कडपं दोन-तीन दिवस शेतातच उन्हा-वाऱ्याला ठेवायची, मग भारे बांधायचे, झोडायचं, वारवायचं, आणि मग सारवलेल्या खळ्यावर पातळ पसरून उन्हं द्यायची. तासातासाला पायाने सऱ्या ओढायच्या. दिवस कलायच्या आत गोळा करून झाकायचं, कारण कार्तिकात रात्री दव पडतं आणि दिवसभर वाळवलेलं बी रात्री ते पाणी परत पितं. वाळलेला दाणा पुन्हा भिजला की तडा अजून वाढतो. एक रात्र उघडं राहिलं तर तीन दिवसांची मेहनत गेली.

शेणाने सारवलेली जमीन एकदम तापत नाही. बांबूच्या तट्ट्यावर टाकलं तर खालूनही वारा लागतो. प्लास्टिकच्या कागदावर टाकलं तर वरचा थर सुकतो आणि खालचा घाम धरतो. सकाळी कागद उचलून बघा, खाली पाणी दिसेल. डांबरी रस्ता तर बियाण्याला चुलीवरच्या तव्यासारखाच. अनवाणी पाय जिथे ठरत नाही तिथे कोंब कसा ठरेल? वरून ट्रकची चाकं. खायचं भात रस्त्यावर वाळवलं तर वाळवलं, पण बियाण्याचं नको.

आता हळव्याचं सांगतो, कारण गेल्या वर्षी सगळ्यात जास्त मार हळव्याला बसला. गरवं भात दिवाळीनंतर निघतं, तोवर आभाळ मोकळं असतं. निमगरवं मधे कुठेतरी. पण माळावरचं, वरकसावरचं हळवं दसऱ्याच्या आत-बाहेर पिकतं आणि तेव्हा परतीचा पाऊस डोक्यावर असतो. आणि आपल्या वनजमिनीच्या प्लॉटवर काय पिकतं? हळवंच. खोलगट, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं होतं, ती खाचरं कुणाकडे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. उतारावरचा, दगडाचा तुकडा आपल्याकडे, म्हणून पावसात कापायची वेळही आपल्यावर. यात आदिवासीचं अज्ञान कुठे आलं?

पावसात कापलेल्या हळव्यासाठीही जुन्या लोकांनी वाट काढली होती. बियाण्याच्या लोंब्या आधी निवडून वेगळ्या कापायच्या, त्यांच्या जुड्या बांधून घरात आढ्याला टांगायच्या, चुलीच्या धुराच्या वाटेवर. धूर ओल ओढून घेतो, कीडही येऊ देत नाही. मक्याची कणसं आजही आपण तशीच टांगतो. काकडीच्या बिया राखेत चोळून, भोपळ्याच्या बिया सुक्या भोपळ्यातच. पण म्हातारी माणसं करायची म्हणून सगळं बरोबर, असंही आम्ही म्हणत नाही. काही घरांत जुड्या चुलीच्या अगदी दोन हातांवर टांगतात. तिथे बी वाळत नाही, भाजतं. माळ्यावर हात ठेवून बघा. हाताला कोमट लागलं तर ठीक, चटका लागला तर जुड्या वर सरकवा.

हे सगळं काम करतं कोण? आपल्या बाया. कणसरीचं नाव घेऊन आधी बियाण्याचं बाजूला काढायचं आणि मग खायला घ्यायचं, ही रीत बायांनी सांभाळली. उन्हं कोण देतं, दवाआधी कोण झाकतं, राख कोण चाळून मिसळतं? तरी बियाण्याचं प्रशिक्षण निघालं की यादीत नावं पुरुषांची. तिथे चहा-बिस्किट खाऊन येतात आणि घरी येऊन बायकोला सांगतही नाहीत. हे आपल्या संघटनेतल्या पुरुषांनाही लागू आहे, राग आला तरी चालेल.

आता ड्रमची गोष्ट. एका कार्यालयाने आपल्या काही पाड्यांत निळे प्लास्टिकचे ड्रम वाटले. घट्ट झाकणाचे. कणगीला उंदीर लागतो, ड्रमला लागत नाही, म्हणून लोक खूश. फोटो निघाले. कार्तिकात भात ड्रममधे गेलं, झाकण लागलं, आणि ज्येष्ठात उघडलं तेव्हा कुबट वास आला. त्या बियाण्याने राबात काय दिवे लावले ते वर सांगितलंच.

ड्रमशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते अर्धी गोष्ट सांगणाऱ्यांशी. सरकारच्याच नियमात दोन आकडे आहेत. साध्या, हवा लागणाऱ्या गोणीसाठी १३ टक्के ओल. आणि हवाबंद डब्यासाठी ८ टक्के. आठ! कारण हवाबंद डब्यातली ओल बाहेर जाऊ शकत नाही, ती आतच फिरत राहते. आपल्या समुद्राकडच्या दमट हवेत नुसत्या कार्तिकातल्या उन्हाने भात ८ वर आणणं फार कठीण. म्हणजे जी वस्तू दिली तिला साजेसं वाळवणं इथे जवळपास होतच नाही, आणि हे वाटणाऱ्याने सांगायला पाहिजे होतं. ड्रमवर योजनेचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलंय. त्याच्या शेजारी ८ चा आकडा लिहायला रंग संपला काय?

कणगी श्वास घेते. पेंढ्याचा मुडा श्वास घेतो. थोडी ओल राहिलीच तर ती बाहेर निघायला वाट असते. चुलीच्या ऊबेत ठेवली तर अजून बरं. त्यात चाळलेली कोरडी राख आणि निरगुडीचा पाला. मग पावसाळ्याआधी वैशाखात पुन्हा एकदा सकाळची उन्हं. ज्यांना ड्रम वापरायचाच आहे त्यांनी हे वैशाखातलं ऊन देऊन, बी सावलीत पूर्ण गार झाल्यावर वापरावा. गरम बी कधीच कोंडू नये, आत घाम धरतो. नागली तशी सोशिक आहे. बारीक दाणा, नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकते, दुष्काळात तीच उपयोगी पडते. तिच्यासाठी ड्रम चालेल.

मग कणगी का मोडली? लोकांना विणता येत नाही म्हणून? आपल्यात विणणारे हात अजून आहेत. कणगीला बांबू लागतो, नाहीतर कारवी. आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत २०१७ पर्यंत बांबू घातलेला होता. बांबू हे गवत आहे हे शाळेच्या पुस्तकात पण आहे, पण इंग्रजाच्या कायद्यात ते झाड होतं. झाड तोडलं की गुन्हा. एका कणगीपुरता बांबू खांद्यावरून आणला तर पावती फाटते, कोयता जप्त होतो, पावती नको असेल तर कोंबडा द्यावा लागतो. तोच बांबू कागदाच्या कारखान्यांना ट्रकच्या ट्रक भरून जातो, तेव्हा ते झाड पण नसतं आणि गवत पण नसतं, तो महसूल असतो. (आता हे पत्रक ज्या कागदावर निघतंय त्यातही बांबू असेल. म्हणजे आपल्याला बांबू मिळतो, पण कणगी करून नाही, कागद करून!) आधी बांबू बंद केला, मग कणगीच्या जागी ड्रम दिला, मग ड्रममधे बी मेलं, आणि मग म्हणाले तुमचं बी जुनं झालं, आमचं विकत घ्या.

खळ्याचंही तेच. खळं म्हणजे नुसती जागा नाही. जमीन सारखी करायची, पाणी मारून धोपटायची, चार वेळा सारवायची, मधे मेढ रोवायची. ते शेताजवळच लागतं, कारण ओलं भात डोंगर उतरून घरी आणताना दाणा गळतो आणि भाऱ्यात तापतो. पण प्लॉटवर खळं केलं की वर्दीवाला म्हणतो, बांधकाम केलं, अतिक्रमण वाढवलं. गेल्या हंगामात असं एक सारवलेलं खळं बुटांनी उकरलेलं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. राखणीच्या माचाचे वासे काढून टाकले होते. त्या घरच्या माणसांनी मग काय करावं? रातोरात कापलं, थोडं हिरवंच कापलं, ओलंच डोक्यावरून आणलं आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर टाकलं. लोंबी वरपासून पिवळी होऊन बुडाशी चारच दाणे हिरवे राहिले की बियाण्याला कापायचं, हे त्यांना माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं. पण उभं पीक जप्त होईल या भीतीने माणूस पिकायची वाट बघत नाही. कच्च्या दाण्यात ओल जास्त आणि जीव कमी, तो कसाही वाळवला तरी कच्चाच.

म्हणून आम्ही म्हणतो, ज्याच्या नावावर सातबारा आहे तो चार दिवस निवांत वाळवतो. ज्याच्या हातात फक्त दंडाच्या पावत्या आहेत तो धावत-पळत वाळवतो. बियाण्यात जो फरक दिसतो तो इथून सुरू होतो. त्या पावत्या मात्र जपून ठेवा साथींनो, चुलीत घालू नका. आपण त्या जमिनीवर कधीपासून आहोत याचा तोच कागद.

अजून एक गोष्ट, हातांची. भात वाळवायला चार-पाच उन्हं लागतात आणि त्या चार-पाच दिवसांत घरात माणूस लागतं. पण दिवाळी झाली की आपली घरं वीटभट्टीवर जातात, गवत कापायला जातात. भट्टीवाल्याची उचल आधीच घेतलेली असते, ट्रक येऊन उभा राहतो. तो थांबतो काय तुमचं बी वाळायला? दोन उन्हं देऊन गोणी बांधायची आणि चढायचं. ती गोणी सहा महिने बंद घरात. उचल कशाला घेतली? पावसाळ्यात खायला नव्हतं म्हणून. खायला का नव्हतं? आधीच्या वर्षी उगवलं नव्हतं म्हणून. आणि उगवलं नाही की बी कुठून आणायचं? सावकाराच्या दारातून. तो मृगात एक मण देतो आणि कार्तिकात दीड मण घेतो, खळ्यावरच मोजून घेतो. दिढी. त्याचं मापही त्याचंच. शिवाय त्याच्या लावणीला आधी जायचं, आपली लावणी मागे, मग आपलं पीक उशिरा आणि हलकं. १९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला पोरं भुकेने गेली, तेव्हा मुंबईचे पेपरवाले विचारत होते की घरात धान्य का नाही. धान्य खळ्यावरूनच जातं हो, घरात यायच्या आधी.

पिशवीतलं बी हे या सावकारीवर औषध आहे असं जर कुणी म्हणत असेल तर त्याला विचारा, ती पिशवी दरवर्षी घ्यायला रोख पैसे कोण देणार? आणि उतारावरच्या दगडात, खताविना, ते बी किती देईल हे कुणी करून दाखवलंय का? ज्याच्याकडे पाणी आणि खाचर आहे त्याने खुशाल घ्यावं, आम्ही आड येत नाही. पण आपलं बी मेलं म्हणून घेऊ नका. आणि कुणी असंही पसरवतंय की गावठी बी एकमेकांना देणं आता कायद्याने बंद होणार. खोटं आहे. १९६६ चा बियाणे कायदा स्वतः सांगतो की शेतकऱ्याने स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या घरून दुसऱ्याला पेरायला दिलं, अगदी विकलं, तरी त्याला हा कायदा लागू नाही. पाड्यापाड्यांत बियाण्याची देवघेव करायला कुणाची परवानगी लागत नाही. दिढी न लावता, जेवढं दिलं तेवढंच परत, अशी देवघेव आपल्या काही पाड्यांनी सुरू केली आहे. ती वाढवायची.

आता या महिन्यात काय करायचं ते ठरलंय ते ऐका. गरवं अजून खळ्यावर आहे. गोणीत भरायच्या आधी मिठाने बघा. मीठ तव्यावर भाजून गार करा. कोरडी काचेची बाटली घ्या, तिच्यात मूठभर मीठ आणि तीन-चार मुठी भात, झाकण लावून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजिबात भरू नका. नाही चिकटलं तरी लगेच भरू नका, १५ पासून १३ पर्यंत अजून एक-दोन उन्हं लागतील, मग दात लावून बघा. यंत्र मागायला कार्यालयात जायची गरज नाही.

आणि चैत्रात प्रत्येक घराने उगवण बघायची. न निवडता शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी मोजायचं. कार्तिकात हे करू नका, काही भातं नवीन असताना झोपलेली असतात, उगवत नाहीत आणि उगाच घाबरायला होतं. सरकारच्या नियमात भाताला ८० ची उगवण चांगली धरतात. ८० च्या वर असेल तर निर्धास्त पेरा. ६० असेल तर राबात जास्त टाका. त्याच्याही खाली असेल तर मृगाची वाट बघत बसू नका, चैत्रातच बैठकीत सांगा, म्हणजे सावकाराच्या आधी दुसऱ्या पाड्याचं बी तुमच्यापर्यंत येईल. मोजणी बायांनी करायची आणि वहीत बायांच्या नावाने लिहायची.

कणगीच्या बांबूसाठी प्रत्येक पाड्याचा एक अर्ज तयार करतोय. किती घरं, किती कणग्या, किती बांबू, सगळं त्यात लिहायचं. अर्ज एकट्याने नेऊन देऊ नका. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी सगळे मिळून जायचं, पोचपावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. येताना बाया एकेक सूप बियाण्याचं भात घेऊन येतील आणि ज्यांनी ड्रम दिले त्यांच्या टेबलावर मिठाची बाटली ठेवतील. ड्रममधलं कुबट बी ज्यांच्याकडे अजून शिल्लक आहे त्यांनी ते फेकू नका. तेही बरोबर आणा.